झाड, तार आणि कोयता

जुन्नर म्हटलें कीं शिवनेरी व नाणेघाट आठवतात. आंबेगांव म्हटलें कीं भीमाशंकरचें रान. राजांचा इतिहास येथें दगडांत कोरलेला आहे. आज ज्या माणसाविषयीं मी बोलणार आहे त्याची खूण मात्र फार तर एखाद्या झाडाच्या भरून आलेल्या जखमेंत सांपडेल. विजेच्या तारांजवळच्या फांद्या तोडणारा कामगार तो हा.

झाडावर चढण्याची विद्या या डोंगरांत विजेहून पुष्कळ जुनी आहे. भाताचें रोप टाकण्यापूर्वीं जमीन भाजण्यास फांद्या तोडून राब रचीत. हिरडा उतरविण्यासाठीं महादेव कोळी आजहि झाडावर चढतात. ज्याला पुढील वर्षीं त्याच झाडाकडे यावयाचें आहे, तो तें मारून टाकीत नाहीं.

मग वीज आली. १९१५ सालीं खोपोलीस टाटांचें जलविद्युत्केंद्र सुरू झालें. पण ती वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. १९६० सालीं राज्य वीज मंडळ स्थापन झालें, आणि पुढें गांवोगांवीं खांब उभे राहिले. कुकडी, मीना व घोड या नद्यांवर धरणें झालीं, विहिरींवर पंप बसले, आणि ११,००० व्होल्टांची तार आंब्याबाभळींच्या शेजारून धांवूं लागली.

येथें जुनी विद्या अपुरी पडली. राब तोडणाऱ्यास भय होतें पडण्याचें, आणि तें डोळ्यांस दिसे. तारेंतील मृत्यु दिसत नाहीं. ओली फांदी वीज वाहून नेते; तारेस हात न लावतांहि माणूस दगावतो. म्हणून ‘वीज बंद आहे’ या तोंडी निरोपावर चढूं नये. लेखी परवाना घ्यावा, तार तपासावी, ती जमिनीशीं जोडावी, मगच कोयता उचलावा. एखाद्या घरचें जनित्र चुकीचें जोडलेलें असेल, तर बंद तारेंतहि उलट वीज येते.

कायद्यानेंहि या भांडणाची दखल घेतली आहे. १९१० च्या वीज कायद्याच्या १८ व्या कलमांतील तरतूद २००३ च्या कायद्यांत ६८ व्या कलमांत आली. तारेस अडथळा होणारें झाड दंडाधिकारी काढावयास लावूं शकतो. परंतु झाड तारेच्या आधींचें असेल, तर मालकास वाजवी भरपाई देववितो. प्रथम कोण आलें, हा प्रश्न कायद्यास पडला. वर चढणारा कोण, हा त्या कलमाचा विषय नव्हे.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ कोंकणांतून घाट चढून या तालुक्यांवरून गेलें. झाडें उन्मळलीं, खांब वांकले. अशा वेळीं मोडलेली फांदी तारेवर ताणलेली असते. ती कोणत्या बाजूस उसळेल हें तोडणाऱ्यास तोडण्यापूर्वींच ओळखावें लागतें. अंधारांतलीं घरें मात्र एकच प्रश्न विचारतात: वीज केव्हां येणार?

या कामांतील पुष्कळ हात कंत्राटी आहेत. घाईनें परवाना टळला, तर किंमत तेच देतात. आणि घाईनें झाड बुंध्यापासून छाटलें, तर राब तोडणाऱ्या पूर्वजांची शिकवणहि जाते. पुढच्या पावसाळ्यांत दिवा गेला, श्रोतेहो, तर घाई करा म्हणून सांगण्याआधीं एवढेंच विचारा: वर चढलेल्या माणसाची तार खरोखर बंद आहे ना?