चढ कितीला एक?

भूगोलाच्या पुस्तकात सह्याद्री म्हणजे कोकण आणि देश यांच्यामधली एक जाड रेघ असते आणि घाट म्हणजे त्या रेघेला पाडलेली भोके. नकाशापुरते हे ठीक आहे. पण जुन्नरहून सायकलने घाटघरमार्गे नाणेघाटाकडे निघालो, की या चित्रात काहीतरी चुकते आहे हे पायांना आधी कळते. वाटेत चढउतार आहेत, चावंड-जीवधन हे किल्ले दिसतात, पण ज्याला ‘घाट चढलो’ म्हणावे असे काही घडत नाही. आणि मग एकाएकी जमीन संपते. समोर दोन कातळांमधली अरुंद खिंड आणि खाली पसरलेले कोकण. सायकल इथेच ठेवावी लागते. पुढची वाट पायीच उतरायची.

आल्प्स किंवा हिमालयातल्या खिंडीला दोन बाजू असतात. एकीकडून चढा, दुसरीकडे उतरा. आपल्या घाटाला एकच बाजू आहे. लाव्ह्याच्या थरांवर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले आणि त्याची पश्चिमेकडची कड झिजत, मागे सरत आजचा हा कडा उरला. म्हणजे सह्याद्री ही भिंत कमी आणि पायरी जास्त. नदीकाठच्या पायऱ्यांना आणि डोंगर उतरण्याच्या वाटेला मराठीत एकच शब्द आहे, हे त्या दृष्टीने फार समर्पक वाटते. इंग्रजांनी मात्र वाटेचे नाव सगळ्या डोंगररांगेला देऊन टाकले.

नाणेघाटाची वाट बारकाईने पाहिली तर ती लाव्ह्याच्या थरांचाच उपयोग करून घेते. थर जिथे आडवा, तिथे वाट आडवी जाते. कठीण थराचा कडा आडवा आला, की ओढ्याच्या घळीतून खोदलेल्या पायऱ्यांनी वर चढते. पायाला पायरी चालते, चाकाला चालत नाही. या एका वाक्यात घाटांचा पुष्कळसा इतिहास सामावलेला आहे.

खिंडीच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. १८२८ साली साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या तो नजरेस आला. गणिताच्या शिक्षकांनी तो अवश्य पाहावा. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नावाची नाणी यांचे आकडे त्यात ब्राह्मी अंकांत कोरले आहेत. त्यांत शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. २४,४०० लिहायचे तर २०,००० चे, ४,००० चे आणि ४०० चे अशी तीन चिन्हे ओळीने मांडायची. ४०० चे चिन्ह म्हणजे १०० च्या चिन्हाला जोडलेले ४ चे चिन्ह. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे अंक एखाद्या राजवाड्यात नव्हे, तर डोंगरातल्या रहदारीच्या वाटेवर कोरलेले आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वर ठेवलेला दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे सांगतात. तो वाटसरूंच्या पाण्यासाठीही असू शकेल. मात्र जकातीची गोष्ट अधिक रंगतदार, म्हणून तीच टिकली असावी.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर (आजचे तेर) येथील माल गाड्यांमधून, रस्ता नसलेल्या प्रदेशातून भडोचला नेत, असे म्हटले आहे. कल्याण बंदर त्याहून कितीतरी जवळचे, पण तिथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे वळवली जात, असेही तोच ग्रंथ सांगतो. राजकारण हे एक कारण झाले. दुसरे कारण नाणेघाटात उभे राहिल्यावर दिसते: इथून गाडी उतरूच शकत नाही. माल बैलांच्या पाठीवर किंवा माणसांच्या डोक्यावर चढवावा लागतो.

चाकासाठी वाट हवी तर चढ कमी करायला हवा आणि चढ कमी करायचा तर वाट लांबवायला हवी. बोरघाटात असा रस्ता १८३० साली, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात खुला झाला. उंची तेवढीच राहते, म्हणून चढण्याचे कार्यही तेवढेच राहते. ७० किलो वजनाच्या माणसाला ५५८ मीटर वर जायला सुमारे ३८३ किलोज्यूल लागणारच, मग तो पायऱ्यांनी जावो की वळणांनी. बदलते ती शक्ती, म्हणजे दर सेकंदाला होणारे कार्य.

हे समजून घ्यायला साध्या सायकलीइतके चांगले उपकरण नाही. पुढे ४४ दाते, मागे १८ आणि २८ इंची चाक असेल तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. मिनिटाला ४० फेरे धरले तर ताशी १३ किलोमीटर. १५ मीटरला १ मीटर अशा चढावर, स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरले, तर त्यासाठी २१० वॉटच्या वर शक्ती लागते. सामान्य माणूस ती मिनिट-दोन मिनिटे देऊ शकतो. मग तो उतरतो आणि सायकल ढकलू लागतो. तासाला ३०० मीटर उंची गाठत चालणाऱ्या ७० किलोच्या माणसाला वजन वर नेण्यासाठी ६० वॉटही पुरतात. म्हणजे उतरून चालणे हा कमकुवतपणा नाही. तो गिअर बदलण्याचाच एक प्रकार आहे.

फ्रान्समध्ये सेंत-एतियेन या गावी राहणाऱ्या पॉल द विवी (१८५३–१९३०) या गृहस्थाला हे फार लवकर उमगले. ‘वेलोसियो’ या टोपणनावाने तो सायकलविषयक मासिक चालवी आणि गावाजवळच्या ११६१ मीटर उंचीच्या खिंडीवर निरनिराळे गिअर तपासून पाही. ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीचे चालक मात्र साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या गिअरांच्या विरोधात होते. ते खरा कस पाहणारे नव्हेत असे त्यांना वाटे. १९१० साली तूरमाले ही २११५ मीटर उंच खिंड शर्यतीत प्रथम आली, तेव्हा ती शर्यत पुढे जिंकणारा ऑक्ताव्ह लापीझसुद्धा काही भाग सायकल ढकलत गेला. या गिअरांना परवानगी मिळायला १९३७ साल उजाडले.

आगगाडी तर सायकलीहूनही नाजूक. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड फार कमी. कोरड्या रुळावर इंजिनाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी ओढ भरवशाची धरावी, पावसाळ्यात तीही घटते. २५० टनांची गाडी ३७ ला १ अशा चढावर असेल तर नुसत्या चढामुळे तिला पावणेसात टनांची ओढ लागते. म्हणून ३४ टन वजनाचे इंजिन हवे. तोच चढ १० ला १ असता तर इंजिनच १२५ टनांचे, म्हणजे अर्ध्या गाडीएवढे झाले असते. बोरघाटातल्या लोहमार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे तो यामुळे. ५५८ मीटर उंचीसाठी सुमारे २५ किलोमीटर मार्ग आणि २५ बोगदे करावे लागले. डोंगराची लांबी तरीही पुरेना, तेव्हा एका ठिकाणी गाडी थांबवून उलट दिशेने नेण्याची सोय केली. ती १९२९ पर्यंत वापरात होती.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. साहेबांना वाट सापडेना, ती या धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितल्यावर त्याला गोळी घातली, अशी कथा आहे. कुणी ती रस्त्याबद्दल सांगतात, कुणी रेल्वेबद्दल. शाळेत ही कथा सांगितली, की विद्यार्थी विचारतातच: हे खरे का? हो-नाही म्हणण्याआधी आणखी एक प्रश्न विचारता येईल. धनगराला नेमके काय ठाऊक असू शकते? ३७ ला १ हा चढ नुसत्या डोळ्यांना जवळजवळ सपाटच दिसतो. तो थिओडोलाइटशिवाय आखता येत नाही आणि मुख्य अभियंता जेम्स बर्कली याच्या हाताखालच्या लोकांनी तो मोजून, पुनःपुन्हा बदलून आखला. पण कोणती सोंड वरच्या पठाराला सलग जोडलेली आहे, कोणती मध्येच तुटते, कोणत्या ओढ्याला पावसात किती पाणी येते, हे मेंढरांमागे वर्षानुवर्षे चालणाऱ्याला माहीत असणार. दुर्बीण लावण्याआधी ती कुठे उभी करायची हे कुणीतरी सांगावे लागते. गोळीचे काय ते असो, वाटाड्याचा भाग मला असंभाव्य वाटत नाही.

काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. १८५९ च्या जानेवारीत मजुरी वेळेवर आणि पुरती मिळत नाही म्हणून मजुरांनी दंगा केला. त्याच वर्षी कंत्राटदार फॅव्हिएल याने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पोचल्यावर काही आठवड्यांतच आजाराने मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट आपल्या नावावर घेऊन, दोन अनुभवी अभियंत्यांकडे काम सोपवून ते पुरे करवले. १८६१ च्या जानेवारीत या २५ किलोमीटरांवर ४२,००० हून अधिक माणसे राबत होती. बायका आणि मुलेही त्यांत होती. कॉलऱ्याने आणि तापाने त्यांच्यातली फार माणसे गेली. १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. ट्रेडवेल दांपत्याची नावे पुस्तकांत आहेत. पायथ्यापासून वरपर्यंत पाहिले तर डोंगर फोडणाऱ्यांच्या बाजूने एकच नाव ऐकू येते, ते शिंगरोबाचे; आणि जाणारे येणारे वाहन थांबवून त्याच्यापुढे नाणे टाकतात.