रुग्णालयांतील क्रीडांगण

आमच्या शाळेंत कवायतीचा तास सुरू झाला कीं एक मुलगा मैदानाच्या कडेला, लिंबाच्या सावलींत जाऊन बसे. पोलिओनें त्याचा उजवा पाय लुळा पडला होता. इतर मुलें आपल्या वहाणा त्याच्यापाशीं ठेवीत आणि तो त्या सांभाळी. ही व्यवस्था मींच लावून दिली होती, व आपण त्याच्यावर दया केली असें मला वाटत असे. ही गोष्ट १९८३ च्या सुमाराची. ती दया नव्हती, हें मला फार उशिरां समजलें. ज्यांच्या चरित्रानें तें समजलें, त्या डॉक्टर लुडविग गुटमान यांची हकीगत आज सांगावयाची आहे.

गुटमान यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजीं सायलेशिया प्रांतांतील टोस्ट या गांवीं एका ज्यू कुटुंबांत झाला. हा मुलूख तेव्हां जर्मनींत होता. आज तो पोलंडांत आहे. कोळशाच्या खाणींचा हा प्रदेश. १९१७ सालीं ते तेथील एका रुग्णालयांत स्वयंसेवक म्हणून काम करीत असतां, पाठीचा कणा मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार आणण्यांत आला. कमरेखालचें सर्व अंग निर्जीव झालें होतें. त्याच्याविषयीं फार टिपून ठेवण्याचें कारण नाहीं, तो कांहीं आठवड्यांतच जाणार, असें गुटमान यांस सांगण्यांत आलें. पांच आठवड्यांनीं तो खरोखरच गेला. पण त्याचा प्राण मोडक्या कण्यानें घेतला नाहीं, तर शरीरांत भिनलेल्या विषानें घेतला. हा प्रसंग गुटमान जन्मभर विसरले नाहींत.

पुढें ब्रेस्लाव येथें ते मज्जासंस्थेच्या रोगांचे नामांकित तज्ज्ञ झाले. १९३३ सालीं हिटलरची सत्ता आली आणि ज्यू म्हणून त्यांस आपली जागा सोडावी लागली. ते तेथील ज्यू रुग्णालयांत काम करूं लागले. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्रीं ज्यूंचीं प्रार्थनामंदिरें जळत असतां, दाराशीं येईल त्यास कांहीं न विचारतां दाखल करून घ्यावें असा त्यांनीं हुकूम दिला. दुसऱ्या दिवशीं गुप्त पोलिस आले, तेव्हां प्रत्येक खाटेपाशीं उभें राहून त्यांनीं एकेकाचा रोग सांगितला, आणि ६४ जणांपैकीं ६० जणांना वांचविलें. मार्च १९३९ मध्यें ते पत्नी व दोन मुलांसह इंग्लंडच्या आश्रयास गेले.

१ फेब्रुवारी १९४४ रोजीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठीं एक केंद्र उघडलें, व तें गुटमान यांच्या हातीं सोंपविण्यांत आलें. अशा रुग्णांस निजवून ठेवावें व अंताची वाट पाहावी, अशीच त्या काळीं रीत होती. गुटमान यांनीं ती मोडली. दर दोन तासांनीं, दिवसा व रात्रीं, प्रत्येक रुग्णाची कूस बदललीच पाहिजे असा त्यांनीं नियम केला. त्यामुळें अंगास पडणारीं क्षतें टळूं लागलीं. मूत्रमार्गाची काळजी घेतल्यानें तेथील विषबाधाहि कमी झाली. रात्रीं-अपरात्रीं ते स्वतः फेरी घालून कूस बदलली कीं नाहीं हें पाहात. स्वभाव मोठा करडा, तरी रुग्ण त्यांस वडिलांच्या नात्यानें ‘पॉपा’ म्हणत.

माणूस जगला, पण जगून करावयाचें काय? एके दिवशीं कांहीं रुग्ण चाकांच्या खुर्च्यांत बसून हातांतल्या काठ्यांनीं एक चकती इकडून तिकडे ढकलीत असलेले गुटमान यांनीं पाहिले, आणि त्यांस वाट सांपडली. प्रथम खुर्चींतला पोलो सुरू झाला. तो फार दांडगाईचा ठरला म्हणून बास्केटबॉल आला. धनुर्विद्येवर त्यांचा विशेष लोभ होता. धनुष्य ओढल्यानें हात, खांदे व पाठ बळकट होतात व बसल्या जागीं तोल सांवरतां येतो. शिवाय खुर्चींतला धनुर्धर उभ्या धनुर्धराशीं बरोबरीनें झुंजूं शकतो.

२९ जुलै १९४८ रोजीं लंडनला ऑलिंपिक सामन्यांचें उद्घाटन झालें. त्याच दिवशीं स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १४ पुरुष व २ स्त्रिया खुर्च्यांत बसून तिरंदाजीचा सामना खेळल्या. १९५२ सालीं हॉलंडचे खेळाडू आले व सामने आंतरराष्ट्रीय झाले. १९६० सालीं रोम येथें २३ देशांचे सुमारें ४०० खेळाडू जमले. तेच पहिले पॅरालिंपिक सामने म्हणून मानले जातात. १९६६ सालीं गुटमान यांस ‘सर’ हा किताब मिळाला. १८ मार्च १९८० रोजीं ते निवर्तले.

ही वाट आपल्या दारापर्यंतहि आली होती. सांगली जिल्ह्यांतील पेठ गांवचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यांत मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धांत त्यांस गोळ्या लागल्या व कमरेखालचें अंग लुळें पडलें. पुढें ते पोहूं लागले, आणि १९७२ सालीं हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक सामन्यांत ५० मीटरचें अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनीं भारताला पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री देण्यांत आली.

१९७२ नंतर अकरा वर्षांनीं मी त्या मुलाला वहाणा राखावयास बसवीत होतों! रोज कुबडीवर भार घेऊन त्याचे खांदे वर्गांतील कोणाहि मुलापेक्षां भरदार झाले होते. तें मला रोज दिसत होतें. पण त्याच्या हातांत एखादा चेंडू द्यावा, गोळा द्यावा, हें चार वर्षांत एकदांहि सुचलें नाहीं. मी पाय पाहिला, खांदे पाहिले नाहींत.

२०१६ च्या कायद्यानें अपंगांच्या खेळांसाठीं सोयी करणें हें सरकारचें कर्तव्य ठरविलें आहे. परंतु कवायतीच्या तासाला कायदा मैदानावर उभा नसतो. तेथें मास्तर उभा असतो. आपल्या मुलाच्या शाळेंत कधीं गेलां, तर सावलींत कोण बसलें आहे तें पाहा, आणि त्याला तेथें कां बसविलें आहे हें मास्तरांना अवश्य विचारा. मला तें कोणींहि विचारलें नाहीं.