ज्वारी, ल्युसिन आणि जांभळे ठिपके

ज्वारीच्या भाकरीत काय असतं, असं परभणीत कुणालाही विचारलंत तर तो जरा संशयानेच बघेल. ज्वारी असते, अजून काय! पण १९६० च्या सुमारास हैदराबादेतल्या काही डॉक्टरांना हा प्रश्न अगदी गंभीरपणे पडला होता, कारण ज्वारीवर जगणारी माणसं आजारी पडत होती. त्याचं उत्तर शोधायचं तर त्याआधी एक वेगळंच कोडं सुटायला हवं होतं. रंग नसलेले, पाण्यात विरघळले की डोळ्यांना अजिबात न दिसणारे वीस पदार्थ एकमेकांपासून वेगळे ओळखायचे कसे?

या विकांताला त्याचीच गोष्ट. थोडी केमिस्ट्री आहे, पण बारावीला जेवढी डोक्यात शिरली होती तेवढी पुरेल.

प्रथिन म्हणजे माळ आणि ॲमिनो अम्लं म्हणजे तिचे मणी. मणी साधारण वीस प्रकारचे. कुठल्याही धान्याची प्रत त्यात प्रथिन किती यावर जितकी, तितकीच त्या माळेत कुठले मणी किती यावर ठरते. आपलं शरीर यातले काही मणी स्वतः बनवू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागतात. लायसिन, ल्युसिन, ट्रिप्टोफॅन ही त्यातलीच. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

पदार्थ वेगळे करायची युक्ती आधीच सापडली होती. मिखाईल त्स्वेत नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ साली वॉर्सामध्ये पानांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून सोडला आणि हिरवे-पिवळे पट्टे वेगवेगळे झाले. १९०६ मध्ये त्याने त्याला क्रोमॅटोग्राफी म्हटलं. आपल्या मराठी विश्वकोशात यालाच 'वर्णलेखन' असा छान शब्द आहे. पण पानांना रंग असतो हो! ॲमिनो अम्लं वेगळी झाली तरी दिसणार कशी?

त्याचं उत्तर १९१० मध्ये केंब्रिजला चुकून सापडलं. झिगफ्रीड रुहेमान तिथे दुसरंच काहीतरी बनवत होता आणि हाती आलं निनहायड्रिन. हे ॲमिनो अम्लाला भेटलं की गडद जांभळा रंग येतो. घामात ॲमिनो अम्लं असतात म्हणून बोटाला लागलं तर बोटही जांभळं होतं. पुढे १९५४ पासून कागदावरचे बोटांचे ठसे शोधायला हेच रसायन सुचवलं गेलं, ते याच कारणाने.

मग आले मार्टिन आणि सिंज. हे दोघे इंग्लंडात लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत काम करत होते, आणि लोकर म्हणजे प्रथिनच. १९४१ मध्ये त्यांनी वेगळं करायची नवी पद्धत मांडली. १९४४ मध्ये मार्टिनने कॉन्स्डेन आणि गॉर्डन या सहकाऱ्यांबरोबर तीच साध्या फिल्टर पेपरवर करून दाखवली. १९५२ मध्ये मार्टिन-सिंज जोडीला नोबेल मिळालं. गंमत म्हणजे त्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या के. व्ही. गिरी आणि एन. ए. एन. राव यांनी 'नेचर'मध्ये गोल कागदावरची पद्धत छापली. थेंब मधोमध ठेवायचा, द्रावण बाहेर पसरत जातं आणि ॲमिनो अम्लांच्या कमानी उमटतात. महागड्या यंत्रांसाठी पैसा नसलेल्या प्रयोगशाळांसाठी हे वरदानच होतं.

कागदाची जागा पुढे काचेच्या पट्टीने घेतली. खार्कीवच्या इझमाइलोव्ह आणि श्रायबर यांनी १९३८ मध्येच काचेवर पातळ थर देऊन पाहिला होता, पण ते फारसं कुणाच्या नजरेत भरलं नाही. १९५८ च्या सुमारास जर्मनीच्या एगॉन श्टालने सिलिका जेलचा थर कसा द्यायचा, किती जाड, कोणत्या दर्जाचा, हे सगळं प्रमाणित केलं आणि थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे टीएलसी, जगभर गेली. कागदावर अख्खी रात्र जायची ते काम काही तासांत होऊ लागलं. (कल्पना एकाची आणि स्टँडर्ड लिहिणारा प्रसिद्ध, हे आमच्या धंद्यातही चालतंच म्हणा.)

आता समजा ज्वारीचं पीठ तपासायचंय. आधी माळ तोडावी लागते. प्रथिन तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांवर जवळजवळ दिवसभर तापवायचं, की मणी सुटे होतात. मग पट्टीच्या तळाशी पेन्सिलीने हलकी रेघ मारायची (पेनने नाही, शाई पण चालायला लागते!), बारीक नळीने थेंब टेकवायचे आणि शेजारी ओळखीच्या ॲमिनो अम्लांचे थेंब. ब्युटॅनॉल, ॲसेटिक आम्ल आणि पाणी यांच्या मिश्रणात पट्टी उभी करायची, थेंब मात्र बुडू द्यायचे नाहीत. द्रावण वर चढतं आणि वाटेत मणी आपापल्या स्वभावानुसार मागे पडत जातात. ज्याला पाणी आणि सिलिका प्यारी तो खाली अडकतो, ज्याला ब्युटॅनॉल आवडतं तो वर पळतो. पट्टी वाळवून निनहायड्रिन फवारायचं, गरम करायचं, आणि कोऱ्या पट्टीवर जांभळे ठिपके उगवतात. फक्त प्रोलिन पिवळं दिसतं.

या पट्टीवर लायसिन अगदी तळाशी राहतं आणि ल्युसिन वरच्या टोकाला जातं. ज्वारीच्या पोषणाचे दोन मोठे वाद नेमके या दोन ठिपक्यांचे आहेत.

आधी वरचा ठिपका. पेलाग्रा नावाचा रोग आहे. उन्हाला उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, शेवटी बुद्धीवर परिणाम होतो. हा नायासिनच्या कमतरतेचा रोग, हे १९३७ मध्ये अमेरिकेत एल्व्हेजेमच्या कामातून पक्कं झालं. तिथे तो मक्यावर जगणाऱ्या गरिबांना व्हायचा. शरीर ट्रिप्टोफॅनपासून थोडंफार नायासिन बनवतं, पण मक्यात ट्रिप्टोफॅनही कमी आणि त्यातलं नायासिनही सहज सुटत नाही. इथपर्यंत ठीक.

पण दख्खनच्या पठारावर हा रोग ज्वारी खाणाऱ्या शेतमजुरांत दिसत होता. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मराठवाडा काय, तेलंगण काय, गरिबाच्या ताटात ज्वारीच. आणि ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतकं कमी नाही. नायासिन तर पॉलिश केलेल्या कच्च्या तांदळापेक्षा जास्त! मग भात खाणाऱ्याला न होणारा रोग भाकरी खाणाऱ्याला का?

१९५८ मध्ये कुन्नूरहून हैदराबादला आलेल्या पोषण संशोधन संस्थेत (आताची राष्ट्रीय पोषण संस्था) डॉ. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये उत्तर सुचवलं: ल्युसिन. प्रथिनाच्या हिशोबात ज्वारीत ते तांदळाच्या दीडपटीहून जास्त असतं, आणि जास्तीचं ल्युसिन ट्रिप्टोफॅन-नायासिनच्या कारभारात ढवळाढवळ करतं. पुढे त्यांच्या गटाने कुत्र्यांवर प्रयोग केले, रुग्णांना ल्युसिनचा भाऊ आयसोल्युसिन देऊन पाहिला. (टीएलसीच्या पट्टीवर हे दोघे भाऊ जवळजवळ एकाच जागी येतात, दोन वेगळ्या नोंदींचा हॅश एकच यावा तसे.) १९७० मध्ये त्याच संस्थेतल्या वाय. जी. देवस्थळे आणि सहकाऱ्यांनी ज्वारीच्या वेगवेगळ्या वाणांतलं प्रथिन, लायसिन आणि ल्युसिन मोजून छापलं. वाणावाणांत फरक होता. म्हणजे कमी ल्युसिनची ज्वारी निवडता आली असती.

अजून एक खोच आहे. मणी सुटे करताना वापरलेलं आम्ल ट्रिप्टोफॅनला नष्ट करतं. म्हणजे पेलाग्रासाठी जो मणी सगळ्यात महत्त्वाचा, तोच या पट्टीवर दिसत नाही, त्याला वेगळ्या पद्धतीने गाठावं लागतं. शिवाय ठिपका 'आहे' सांगतो, 'नक्की किती' सांगायला कच्चा. तो हिशोब करणारं स्वयंचलित यंत्र १९५८ मध्ये मूर आणि स्टाइन यांच्या गटाने बनवलं, आतमध्ये तेच निनहायड्रिन.

आता तळाचा ठिपका. ज्वारीत लायसिन फारच कमी. पर्ड्यू विद्यापीठात रामेश्वर सिंग आणि जॉन ॲक्सटेल यांनी जगभरातले हजारो वाण चाळून १९७३ मध्ये इथिओपियातले दोन असे जाहीर केले, ज्यांत लायसिन नेहमीच्या दीडपटीहून जास्त होतं. पण दाणा सुरकुतलेला, वजनाला हलका. उताऱ्यात मार खाल्ला आणि ती ज्वारी आपल्या शेतात कधी आलीच नाही.

परभणीत १९७२ च्या मे महिन्यात मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं (२०१३ पासून वसंतराव नाईकांचं नाव). ते वर्ष दुष्काळाचं. त्या पिढीतल्या माणसांना 'हायब्रीड' म्हटलं की बियाणं नाही, हायब्रीड ज्वारीची भाकरी आठवते, तीही तोंड वाकडं करून. पोट भरणं हाच प्रश्न असताना ल्युसिनचं कोण विचारणार! याच विद्यापीठाने पुढे 'परभणी मोती' दिली, आणि २०१८ मध्ये इक्रिसॅटबरोबर 'परभणी शक्ती', जिच्यात लोह आणि जस्त मुद्दाम वाढवलेलं आहे. दाण्याच्या आत काय हवं ते ठरवून वाण काढायचा, ही दृष्टी त्या ठिपक्यांपासूनच सुरू झाली असं मला वाटतं.

आणि पेलाग्राचं काय झालं? ल्युसिनच्या सिद्धांतावर नंतर बराच वाद झाला. बाहेरच्या काही प्रयोगशाळांना तोच परिणाम दिसला नाही आणि प्रश्न पूर्ण मिटलाच नाही. रोग मात्र ओसरला. कमी ल्युसिनची ज्वारी आल्यामुळे नव्हे, तर ताटात इतर गोष्टी आल्यामुळे, स्वस्त धान्य दुकानातल्या तांदळासकट. ज्वारी तीच होती, फक्त एकटी राहिली नाही. लायसिनचंही तसंच. हरभऱ्याच्या डाळीतल्या प्रथिनात ते ज्वारीच्या जवळपास तिप्पट असतं, म्हणजे भाकरीबरोबर पिठलं आलं की तळाचा ठिपका आपोआप मोठा होतो. ज्यांना पेलाग्रा झाला त्यांच्याकडे भाकरी होती, पिठल्याचे पैसे नव्हते.

हे आठवायचं कारण म्हणजे २०२३ च्या भरडधान्य वर्षानंतर आपल्याकडे ज्वारीला एकदम 'सुपरफूड' करून टाकलंय. साठ वर्षांपूर्वी तिच्यावर रोगाचा आळ, आता तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा. दोन्हीकडे आपण नुसत्या दाण्याकडे बघतोय, शेजारी काय वाढलंय ते कुणी विचारत नाही. काचेची पट्टी दाण्यात काय आहे ते सांगते, आणि फार छान सांगते. ताटाचं मात्र तिला विचारू नये.

असो. ज्वारी जरूर खा. बरोबर पिठलं घ्या, कांदा फोडा.