जमादारांचं बंदर

जमादार म्हटलं की आज आपल्याला कचेरीतला हुद्देदार आठवतो. निजामाच्या राज्यात मात्र अरब शिपायांची तुकडी बाळगणारा सरदार म्हणजे जमादार. आपलं छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, याच राज्यातलं. इथल्या रयतेचा सारा हैदराबादच्या खजिन्यात जाई आणि त्याच खजिन्यातून या अरबांचे पगार निघत. ते बहुतेक आजच्या येमेनमधल्या हद्रामौतचे. पगाराचा पैसा व्याजाने लावणं हा त्यांचा जोडधंदा.

हद्रामौतच्या किनाऱ्यावर शिहर आणि मुकल्ला ही दोन बंदरं. गंमत अशी, की तिथल्या सत्तेसाठी झगडणारे कुऐती आणि कथीरी, दोन्ही घराण्यांतले लोक निजामाच्याच चाकरीत होते! कुऐतींनी १८६७ मध्ये शिहर घेतलं. पुढे कर्जाच्या तगाद्यापायी १८७३ मध्ये मुकल्ल्याच्या नकीबावर, म्हणजे तिथल्या प्रमुखावर, निम्मं बंदर लिहून द्यायची पाळी आली. मग भांडण पेटलं. एडनचे इंग्रज अधिकारी तेव्हा मुंबई सरकारच्या हाताखाली. ते हे सारं पाहत होते, मध्यस्थी करत होते. त्यांना तटस्थ म्हणणं मला पटत नाही. समुद्र त्यांच्याच ताब्यात होता. १८८१ मध्ये मुकल्ला कुऐतींकडे गेलं आणि नकीब आपली माणसं घेऊन गलबतांतून झांजिबारला निघून गेला. १८८८ मध्ये इंग्रजांनी कुऐतींशी संरक्षणाचा तह केला.

त्यानंतरही कुऐतींचं हैदराबाद सुटलं नाही. १९३६ मध्ये मुकल्ल्याच्या गादीवर आलेले सुलतान सालेह त्याआधी बरीच वर्षं हैदराबादेतच राहत होते.