बदख्शानी लालाचे कुळ

आमूदर्येचा जो वरचा प्रवाह पंज या नावाने ओळखला जातो आणि आज ताजिकिस्तान व अफगाणिस्तान यांची सरहद्द आखीत वाहतो, त्याच्या उजव्या काठी पामीरच्या उतारावर, बदख्शान प्रदेशात, कूह-इ-लाल नावाची जुनी खाण आहे. लाल नावाच्या ज्या गुलाबी रत्नांनी तैमूरवंशीयांचे आणि पुढे मोगलांचे जवाहीरखाने भरले, त्यांचे मूळ गोत्र तेथले. फार्सी रत्नग्रंथांत अशी कथा येते की, भूकंपाने डोंगर दुभंगला, तांबूस खडे उघड्यावर पडले, आणि आसपासच्या बायकांनी रंग मिळेल या आशेने ते कुटून पाहिले. पण कापडाला रंग काही चढला नाही. कथा रचलेली असेल, तरी तिच्यातला अनुभव सच्चा वाटतो, कारण लाल म्हणजे स्पिनेल, आणि या खनिजाची पूड पांढरीच निघते. मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांचे हे ऑक्साइड शुद्ध असेल तर वर्णहीन असते. ॲल्युमिनियमच्या काही जागा क्रोमियमने बळकावल्या की त्याला वर्ण प्राप्त होतो, थोड्याने गुलाबी आणि अधिकाने आरक्त. लोहाचा शिरकाव झाला, तर मात्र छटा जांभळट, तपकिरी, मळकी होते.

उत्तम गुलाबी लाल उन्हात धरून फिरवावा, म्हणजे त्याची योग्यता कळते. माणिक एका बाजूने नारिंगी झाकेचे तर दुसऱ्या बाजूने जांभळट दिसते. लालाची घडण घन प्रणालीच्या स्फटिकांची असल्याने तो कोठूनही पाहिला तरी रंग तोच. शिवाय क्रोमियम प्रकाश शोषून पुन्हा तांबडी प्रभा सोडते, आणि लोह अल्प असेल तर ती प्रभा विझत नाही, त्यामुळे चांगला खडा आतून तापलेल्या निखाऱ्यासारखा वाटतो.

हा भेद पूर्वेकडच्या जाणत्यांना ठाऊक होता. अकराव्या शतकात अल्-बीरूनीने रत्ने पाण्यात तोलली आणि लाल हा याकुताहून, म्हणजे माणकाहून, हलका भरतो हे नोंदवून ठेवले. युरोपने मात्र मार्को पोलोच्या काळापासून बदख्शानचे हे रत्न माणकाच्याच घरात घातले. 1367 साली कॅस्टिलच्या राजाकडून इंग्लंडच्या राजपुत्राकडे आलेला, आज तेथील राजमुकुटात बसवलेला ‘ब्लॅक प्रिन्सचा माणिक’ वस्तुतः लालच आहे. 1783 साली फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञ रोमे द लील याने दोन्ही खनिजे वेगळी काढली, आणि त्याबरोबर पश्चिमेत लालाची इभ्रत घसरली. खड्यात तिळमात्र फरक नसता केवळ दप्तरातली नोंद बदलल्याने एखाद्याची सरदारकी जावी, असा हा न्याय!

मोगलांना असा संभ्रम नव्हता. ते लालाला पैलू पाडीत नसत. वजन घटू नये म्हणून खडा जसा मिळे तसाच घासून गुळगुळीत करीत, आरपार वेज पाडीत आणि त्यावर स्वामींची नावे कोरवीत. 1621 च्या सुमारास इराणच्या शाह अब्बासने जहांगीराला बारा टांक वजनाचा एक लाल नजर केला. त्यावर समरकंदचा ज्योतिर्विद सुलतान उलूघ बेग याचे नाव आधीच होते, शाह अब्बासने आपलेही कोरविले होते. जहांगीराने सुवर्णकारांच्या कारखान्याचा दरोगा सईदा याजकडून आणखी एका कोपऱ्यात स्वतःचे व अकबराचे नाव आणि साल कोरविले. पुढे दख्खनच्या मोहिमेत आपला पुत्र खुर्रम याला यश आल्याची बातमी येताच तोच लाल त्याच्याकडे रवाना झाला. दख्खनचा सेनानी मलिक अंबर याच्याशी झालेल्या झुंजीचा मोबदला अशा रीतीने उलूघ बेगाच्या खजिन्यातून चुकता झाला, हा योग आम्हांस मोठा विलक्षण वाटतो.

विसाव्या शतकात ज्वाळेवर वितळवून केलेला कृत्रिम स्पिनेल स्वस्त अंगठ्यांत इतका पसरला की, नावालाच नकलीपणाचा वास येऊ लागला. 2007 साली टांझानियातील माहेंगे येथे 52 किलोग्रॅमचा प्रचंड स्फटिक सापडला, आणि त्यापासून काढलेल्या झगझगीत गुलाबी खड्यांनी बाजारात पुन्हा पत मिळवून दिली. त्यांची तीव्रता नजरेत भरते हे खरे. पण आम्हांस बदख्शानचा मवाळ गुलाबीच अधिक भावतो. आणि गंमत अशी की, माहेंगेच्या खड्याला एक बारीकसे छिद्र पाडले तर त्याची किंमत कोसळेल, तर मोगली लालाला मात्र वेज आणि कोरलेले नाव असेल तर लिलावात चढती बोली लागते.