काउंटेस ब्राउन्लो (व्यक्तिचित्र)

इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातील बेल्टन हाउस या जमीनदारी वाड्यात असलेले पूर्णाकृती तैलचित्र. चित्रकार फ्रेडरिक लेटन (१८३०–९६). १८७९ च्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात ते मांडले गेले. आदल्याच वर्षी लेटन अकॅडमीचा अध्यक्ष झाला होता.

चित्रातील स्त्री म्हणजे ॲडलेड (१८४४–१९१७), श्रूझबरीच्या अठराव्या अर्लची मुलगी. १८६८ मध्ये तिचा विवाह ॲडलबर्ट, तिसरा अर्ल ब्राउन्लो, याच्याशी झाला. तिची एक बहीण ब्लिकलिंगला, दुसरी विल्टनला नांदत होती. देशातले तीन नामांकित वाडे अशा रीतीने सख्ख्या बहिणींच्या हाती होते. सासू लेडी मेरियन ऑल्फर्ड कलावंतांची आश्रयदाती होती आणि भरतकामावर तिने लिहिलेला मोठा ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्राची पारख असलेल्या या घराला केवळ चेहऱ्याचे साम्य पुरेसे वाटले नसते.

पांढऱ्या पोशाखातली ॲडलेड हातात फुले घेऊन उभी आहे. मागे गर्द झाडी. नजर प्रथम जाते ती चेहऱ्यावर. मग पोशाखावरून उतरत पायांपर्यंत पोचते आणि तिथेच रेंगाळते. चुण्या उभ्या, लांब, पुतळ्यावरच्या वस्त्रासारख्या पडतात. लेटन मुख्यतः ग्रीक पुराणकथांचा चित्रकार. वस्त्र कसे पडते हे तो आधी रंगीत कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने पुन्हापुन्हा रेखाटून पाही, मगच कॅनव्हासकडे वळे. ती सवय इथे कामी आली आहे. त्या दशकातल्या फॅशनची झालर-फितींची गर्दी त्याने टाळली, म्हणून हे चित्र कालबाह्य वाटत नाही. पांढऱ्या रंगातल्या छटांवरचा त्याचा ताबा तर मुळातूनच पाहायला हवा. छापील प्रतीत त्या सपाट होतात. पौराणिक देखाव्यांपुढे लेटनच्या व्यक्तिचित्रांची उपेक्षा झाली, ही कलासमीक्षेची मोठी चूक होय.

ॲडलेड आणि तिचा पती ‘सोल्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या अभिजनांच्या वर्तुळात होते. आर्थर बॅल्फर आणि पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झालेला कर्झन हेही त्यातलेच. हर्टफर्डशरमधला ॲशरिज हा या कुटुंबाचा दुसरा वाडा.

१६८५–८८ या काळात बांधलेल्या बेल्टनच्या आवारात पहिल्या महायुद्धात सैन्याची छावणी पडली; १९१५ पासून मशीनगन दलाचे प्रशिक्षण तिथे चाले. ॲडलेड १९१७ मध्ये वारली, पती १९२१ मध्ये. मूल नसल्याने अर्लपद संपले, ॲशरिजची मिळकत विकली गेली. बेल्टन मात्र भाऊबंदांकडे राहिले आणि १९८४ मध्ये नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आले. लोकांना ते पाहण्यासाठी खुले असून हे चित्रही तिथेच आहे.