जन्मदाखला

जन्मदाखला : एखाद्या व्यक्तीच्या जन्माची जी नोंद स्थानिक निबंधकाच्या जन्म नोंदवहीत असते, तिचा निबंधकाने सही-शिक्क्यानिशी दिलेला उतारा. तो ‘नमुना 5’ या ठरलेल्या साच्यात मिळतो. जुन्या पिढीतले लोक त्याला ‘जन्माची नक्कल’ म्हणत आणि तो शब्द अधिक नेमका होता. दाखला स्वतः काहीच ठरवत नाही. वहीत जे आणि जसे लिहिले आहे तेच तो उतरवतो. कार्यालयातल्या बहुतेक हेलपाट्यांचे मूळ हा भेद न उमगण्यात असते. माणसे दाखल्यातली चूक दुरुस्त करून घ्यायला जातात, पण दुरुस्त व्हायला हवी असते ती नोंद. नोंद धड असेल तर दाखला म्हणजे काही मिनिटांचे काम आहे. ती चुकीची, अपुरी किंवा गहाळ असेल, तर त्याच कामाला महिने जातात.

भारतात ही नोंद ‘जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969’ या कायद्याने सक्तीची झाली. देशाच्या बहुतेक भागांत तो 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. त्याआधी 1886 चा कायदा होता, पण त्याखालची नोंदणी ऐच्छिक होती. शहरांत नगरपालिकांचे स्वतःचे नियम होते, तर गावांत महसुली दप्तराची जुनी पद्धत चालत असे. म्हणून 1970 पूर्वी जन्मलेल्या माणसाचा दाखला शोधणे हे वेगळ्याच प्रकारचे काम असते. त्याचा विचार पुढे केला आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात निबंधकाचे काम ग्रामसेवक पाहतो. या पदाला 2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी असे नाव आहे. नगरपरिषदेत आणि महानगरपालिकेत हे काम आरोग्य खात्याकडे असते. मुंबईत प्रत्येक प्रभाग कार्यालयाची नोंद वेगळी असल्याने कोणता दवाखाना कोणत्या प्रभागात येतो हे ठाऊक असावे लागते. शहरांत अर्ज नागरी सुविधा केंद्रात देता येतो, गावात ग्रामपंचायतीत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली ही सेवा ठरावीक मुदतीत देणे बंधनकारक आहे. आता नोंदी संगणकावर होतात आणि दाखल्यावर क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की दाखला खरा आहे की नाही हे लगेच कळते.

नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथे. आईवडील राहतात ते ठिकाण यात धरले जात नाही. हा नियम साधा दिसतो, पण पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असलेल्या समाजात त्याचे परिणाम दूरवर जातात. सातारच्या मुलीचे लग्न होऊन ती पुण्यात राहते, बाळंतपणाला माहेरी जाते आणि तिच्या बाळाची नोंद साताऱ्यात होते. सहा वर्षांनी शाळाप्रवेशाच्या वेळी वडील पुणे महानगरपालिकेत चौकशी करतात आणि ‘नोंद सापडत नाही’ हे उत्तर ऐकून हादरतात. नोंद हरवलेली नसते, आजोळच्या गावात सुरक्षित असते. अर्ज करण्यापूर्वी स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न हाच : बाळ कोणत्या गावात, कोणत्या दवाखान्यात जन्मले? चालत्या वाहनात जन्म झाला तर वाहन जिथे पहिल्यांदा थांबते तिथे खबर द्यायची असते.

खबर देण्याची जबाबदारी कायद्याने वाटून दिली आहे. दवाखान्यात जन्म झाला तर तिथल्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याची, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची, तुरुंगात झाला तर तुरुंगाधिकाऱ्याची. उघड्यावर टाकून दिलेले बाळ सापडले तर गावात गावप्रमुखाची आणि इतरत्र ठाणे अंमलदाराची. या शेवटच्या तरतुदीचे मोल फार मोठे आहे. ज्याचे या जगात कोणी नाही अशा बाळाचेही नाव नोंदवहीत आले पाहिजे, असे कायदा म्हणतो. खबर 21 दिवसांत द्यायची आणि नोंद झाल्यावर पहिला दाखला खबर देणाऱ्याला मोफत मिळतो. कायद्यात 2023 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तो सात दिवसांत देणे बंधनकारक आहे. हा मोफत दाखला घ्यायचा अनेकांच्या ध्यानातच राहत नाही. दवाखान्याने खबर दिली एवढ्यावर ते निश्चिंत होतात आणि वहीत काय लिहिले गेले हे कुणी पाहत नाही. त्या पहिल्याच आठवड्यात दाखला हातात घेऊन त्यातले प्रत्येक अक्षर वाचले, तर पुढची निम्मी यातायात वाचते.

नावाचा रकाना रिकामा राहणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. बारसे बाराव्या दिवशी, काही घरांत महिन्याने किंवा सवडीने होते, आणि दवाखान्याची खबर त्याआधीच गेलेली असते. कायद्याने याची सोय केली आहे. नावाशिवाय नोंद होऊ शकते आणि 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क भरता येते. त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत ते घालता येते. महाराष्ट्र शासनाने जुन्या नोंदींसाठी ही मुदत वेळोवेळी वाढवलीही आहे. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी : रिकाम्या रकान्यात नाव भरणे वेगळे आणि एकदा भरलेले नाव बदलणे वेगळे. राजपत्रात जाहिरात देऊन प्रौढपणी नाव बदलले, तरी त्याने जन्माची नोंद बदलत नाही. नोंदवही जन्माच्या वेळचे सत्य सांगते.

नाव लिहिण्याची रीतही बदलली आहे. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत महाराष्ट्रात शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम ठरला आहे. आईचे नाव आता नुसत्या वेगळ्या रकान्यात न राहता बाळाच्या नावाचा भाग होते, आणि ही उशिरा झालेली पण योग्य गोष्ट आहे. एकट्या आईला वडिलांचे नाव सांगण्याची सक्ती न करता प्रतिज्ञापत्रावर दाखला द्यावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये दिला आहे. कार्यालयात अडवणूक झाली तर हा निर्णय दाखवावा.

चुका बहुधा दवाखान्याच्या केसपेपरपासून सुरू होतात. बाळंतपणाला आलेली मुलगी आपले नाव माहेरच्या आडनावाने सांगते, कारण त्या गावात तिला सगळे तसेच ओळखतात. किंवा आधारकार्डावर अजून लग्नाआधीचेच नाव असते. नोंदीत आईचे नाव त्या रूपात जाते आणि वीस वर्षांनी पारपत्राच्या वेळी दोन वेगवेगळ्या बायका असल्यासारखा प्रश्न उभा राहतो. दुसरी नेहमीची चूक रोमन लिपीतल्या स्पेलिंगची. देवनागरीत नाव एकच असते, पण इंग्रजीत तेच तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. अशा दुरुस्त्या कायद्याच्या कलम 15 खाली होतात. मूळ नोंद खोडली जात नाही. समासात दुरुस्तीची नोंद घेऊन निबंधक तारखेसह सही करतो. लेखनिकाची चूक असल्याची निबंधकाची खात्री पटली तर तो ती स्वतः सुधारतो. चूक आशयाची असेल, म्हणजे तारखेची किंवा आईवडिलांच्या नावाची, तर प्रकरण जाणणाऱ्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे निवेदन आणि पुरावा लागतो. निबंधकाने नकार दिला तर 30 दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अपील करता येते आणि त्याचा निकाल 90 दिवसांत लागायला हवा. ही तरतूद 2023 मध्ये आली. ती अजून फार थोड्यांना ठाऊक आहे.

2023 च्या त्याच कायदादुरुस्तीने दाखल्याचे वजनही वाढवले. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्माची तारीख आणि ठिकाण सिद्ध करणारा हा एकमेव कागद आहे : शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, पारपत्र, आधार या सगळ्यांसाठी. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखे इतर पुरावे चालतात. शाळेच्या दप्तरातली तारीख मात्र नेहमी खरी असतेच असे नाही. महाराष्ट्रात 1 जून ही असंख्य माणसांची जन्मतारीख आहे, कारण नाव घालायला मूल शाळेत आणले तेव्हा पालकांना तारीख आठवेना आणि गुरुजींनी वय पुरे भरेल अशी तारीख टाकली. त्या एका ओळीवर पुढे सेवानिवृत्तीसुद्धा ठरली.

नोंद वेळेत झालीच नसेल तर उशीर किती झाला यावर पुढचा मार्ग ठरतो. 21 दिवसांनंतर पण 30 दिवसांच्या आत विलंब शुल्क पुरते. त्यापुढे एक वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की 2023 पर्यंत प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागत असे. आता हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आहे. अर्जासोबत आधी एक वेगळा कागद मिळवावा लागतो, तो म्हणजे ‘नमुना 10’ मधला नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला. त्या वर्षाची वही तपासली आणि अशी नोंद आढळली नाही, एवढेच त्यात लिहिलेले असते. परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्या वयस्क मराठी माणसांनाही तो लागतो. वही नीट उलटून पाहिल्याशिवाय हा दाखला देणे हा मोठा दोष आहे, कारण पुढचा प्रत्येक अधिकारी त्यावर विसंबतो. उशिरा झालेल्या नोंदींत बनावट कागदांची भीती असते. म्हणून महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये या प्रकरणांच्या चौकशीची पद्धत कडक केली. खरी गरज असलेल्या गरीब अर्जदाराची वाट त्यामुळे लांबली, हेही खरे आहे. घरी, वस्तीवर, ऊसतोडीच्या फडात झालेल्या जन्मांचा कागद मुळात कुठेच नसतो.

1970 पूर्वीच्या गावांतल्या जन्मांसाठी तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष गाठावा लागतो. तिथे गाव नमुना 14, म्हणजे महसुली दप्तरातली जन्म-मृत्यू नोंदवही असते. लोक तिला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. लाल कापडात बांधलेल्या या वह्यांतल्या जुन्या नोंदी बऱ्याचदा मोडी लिपीत आहेत. बापाचे नाव, जात, तारीख आणि पुढे नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच अनेक ठिकाणी आढळते. बाळाचे नाव नसते. त्यामुळे नक्कल मिळाली तरी ती ‘मुलगी’ म्हणजे आपली आजीच, हे शाळेच्या किंवा जमिनीच्या कागदांवरून जुळवून दाखवावे लागते. मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते. 2023 मध्ये नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा याच वह्या पानापानाने उलटल्या गेल्या आणि मोडी वाचकांची उणीव साऱ्या राज्याला जाणवली. या वह्यांचा कागद हात लावताच तुटतो. जिथे त्यांचे स्कॅनिंग झाले नाही, तिथे एकेका पावसाळ्यात कुणाचा तरी जन्म पुसला जातो आहे.

गोव्याचे दप्तर वेगळे आहे. पोर्तुगालमध्ये 1910 मध्ये प्रजासत्ताक आल्यावर नागरी नोंदणीची पद्धत गोव्यातही रुजली. त्यामुळे 1961 पूर्वीच्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत आणि त्या नागरी निबंधकाच्या कार्यालयात मिळतात. 19 डिसेंबर 1961 पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मागताना या नोंदीची प्रमाणित प्रत लागते, आणि ती काढण्यासाठी लोक आजही या कार्यालयांत येतात.

दाखला परदेशात वापरायचा असेल तर त्यावर अपोस्टील, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराखालचे प्रमाणन, लागते. भारत 2005 पासून त्या कराराचा भाग आहे. आधी राज्य पातळीवर साक्षांकन होते आणि मग परराष्ट्र मंत्रालय आपला शिक्का लावते. उलट बाजूने, परदेशात जन्मलेल्या भारतीय मुलाची नोंद तिथल्या भारतीय वकिलातीत होते. आईवडील भारतात कायमचे राहायला परतले आणि नोंद तिथे झालेली नसेल, तर परतल्यापासून 60 दिवसांच्या आत ती इथल्या निबंधकाकडे करता येते.